शालनचा उपास

तिसऱ्या दिवशीही शालन बेशुद्ध पडली नाही, तेव्हा डॉक्टर इनामदारांचा चेहरा उतरला.

मिरजेच्या दवाखान्यात, पहिल्या मजल्यावरच्या खोलीत माझी भावजय तीन दिवस उपाशी होती. पाणी तेवढं चालत होतं. नर्स अधूनमधून यायची, तिच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब घ्यायची, साखर बघायची आणि मान हलवून निघून जायची. साखर घसरायला हवी होती. ती घसरली, शालनला दरदरून घाम फुटला, ती असंबद्ध बोलायला लागली की आधी रक्त काढून ठेवायचं आणि मग शिरेतून ग्लुकोज द्यायचं, अशी सगळी तयारी मांडून ठेवली होती. आणि शालन पलंगावर मांडी घालून माझ्याशी पत्ते खेळत होती. जिंकतही होती.

"काहीच होत नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"भूक लागलीय," शालन म्हणाली. "पण तशी सवय आहे मला. दशलक्षणात करते की मी उपास."

"किती?"

"मागच्या भाद्रपदात ओळीने पाच केले. वन्संना विचारा."

मी मान डोलावली. आम्ही जैन. आमच्याकडे भाद्रपदात ते दिवस कडक पाळतात, आणि शालन आमच्यात सगळ्यांत कडक.

"आणि त्या पाच दिवसांत चक्कर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी?"

"नाही. उलट उपासात मला बरं असतं."

डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि बसले. हार्मोनच्या आजारांचे ते त्या भागातले एकमेव डॉक्टर. मितभाषी माणूस, बोलताना स्वतःच्या हातांकडे बघायची सवय. त्यांनी आम्हाला आधीच समजावलं होतं की शालनच्या स्वादुपिंडात एखादी बारीक गाठ असावी आणि ती नको तेव्हा इन्सुलिन सोडत असावी. त्यामुळे रक्तातली साखर एकदम खाली जाते आणि माणूस कोसळतो. फार क्वचित सापडणारी गाठ. सापडली तर कापून काढता येते आणि माणूस बरा होतो. तिच्यावर एक निबंध लिहायचं त्यांच्या मनात होतं, तेही त्यांनी लपवलं नव्हतं.

"गाठ असलेल्या माणसाला एक जेवण चुकलेलं सोसत नाही," ते म्हणाले. "आणि ह्या बाई पाच दिवस उपास करतात. मला हे जुळवता येत नाहीये."

"मग गाठ नाही का?" मी विचारलं.

"माहीत नाही." त्यांनी कागद चाळले. "औषधं कुठली चालू नाहीत ना? तुमच्या आई म्हणाल्या, फक्त बी-कॉम्प्लेक्स."

"हो. अशक्तपणा आहे म्हणून. आईच देते इंजेक्शन."

"त्या स्वतः नर्स होत्या, नाही का? मग प्रश्नच नाही."

त्या संध्याकाळी शालनला मुगाची खिचडी दिली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तासगावला परत आलो.

आमच्या घराची थोडी ओळख द्यायला हवी. माझी आई, चंपाबाई मगदूम, तासगावच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका. गावात तिला सगळे मगदूम सिस्टर म्हणत. वडील आम्ही लहान असतानाच गेले. तिने नोकरी करून आम्हा दोघांना वाढवलं. मी मोठी. माझं लग्न झालं, मोडलं, मी परत येऊन गावातल्याच प्राथमिक शाळेत शिकवायला लागले. सुकुमार धाकटा, वीज मंडळात. आईचा जीव त्याच्यात अडकलेला. तो कामावरून येईपर्यंत ती तांब्याभर पाणी घेऊन दारात बसायची, आणि आमच्यात सूर्य मावळायच्या आत जेवायची रीत असल्यामुळे त्याला उशीर झाला तर स्वतःही उपाशी निजायची. तिला स्वतःला मधुमेह होता. बरीच वर्षं ती सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हाताने इन्सुलिन टोचून घेत होती.

शालन कवठेपिरानची. आईविना, मामाकडे वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा तिला आमच्या घराचं फार अप्रूप वाटलं. आईच्या पुढे-मागे करायची. आई तिच्याशी वाईट वागली असं मी एकदाही पाहिलं नाही.

मग सुकुमारला बढती मिळाली आणि बदली झाली परळीला. मंडळाची राहायची खोली मिळणार होती. सामान बांधलं, ट्रक ठरला, आणि निघायच्या दिवशी सकाळी शालन न्हाणीघरात पडली. अंग थंडगार, घामाने भिजलेलं, डोळे उघडे पण ओळख नाही. आईने तिची शीर शोधली, ग्लुकोज भरलं आणि पाच-दहा मिनिटांत शालन उठून बसली. गल्लीतल्या बायका आईच्या पाया पडल्या. आई नसती तर पोरगी गेलीच होती, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

त्यानंतर असं पुन्हा पुन्हा होत राहिलं. कधी महिन्याने, कधी पंधरवड्याने. सुकुमार एकटाच परळीला राहायचा आणि रजा काढून सारखा धावत यायचा. "ही अशी असताना हिला तिकडे नेऊन काय करू, अक्का?" तो मला म्हणायचा. "तिकडे आईसारखं कोण बघणार?"

मिरजेहून निघताना डॉक्टरांनी मला एक चिठ्ठी दिली होती. पुढच्या वेळी शालन पडली की ग्लुकोज देण्याआधी रक्त काढून ठेवायचं आणि ते बर्फात घालून पाठवायचं. नेमक्या त्या क्षणाचं रक्त मिळालं तरच काही कळेल. मी घरी येऊन आईला सांगितलं.

"सून समोर मरायला लागली असताना मी जीव वाचवू का नळ्या भरू?" आई म्हणाली.

मला तिचं म्हणणं पटलं. तरी मी चिठ्ठी आमच्या डॉक्टर चौगुल्यांकडे नेऊन दिली.

माघात सुकुमारने परळीहून कळवलं की आता काहीही होवो, तो शालनला घेऊन जाणार. तिथेही डॉक्टर आहेत, तिथेही दवाखाना आहे. रविवारी येतो, सोमवारी निघू.

त्याच्या आदल्या शनिवारी शाळा सकाळची होती. मी दुपारी बाराच्या सुमारास घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं. दूध उतू जाऊन करपल्याचा वास घरभर पसरला होता. शालन स्वयंपाकघरात चुलीच्या ओट्याखाली आडवी पडली होती. तोंडाला फेस, एक हात सारखा झटके देत होता. मी हाका मारल्या, गालावर मारलं. काही नाही. आई घरात नव्हती. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, मुनिमहाराजांचं प्रवचन होतं, ती तिकडे गेली होती.

शेजारच्या माणसांनी शालनला रिक्षात घातलं. चौगुल्यांनी चिठ्ठीप्रमाणे आधी रक्त काढलं, लगेच ग्लुकोज दिलं. एरवी ती उठून बसायची. या वेळी उठली नाही. अजून एक बाटली चढवली, तरी नाही.

तेवढ्यात आई आली. पायात चप्पल नव्हती. शालनकडे न बघता तिने माझा दंड धरला.

"किती वेळ झाला?"

"मी आत्ता आले, आई. मला काय माहीत."

"किती वेळ पडली होती? दूध किती करपलं होतं? सांग की."

"आई, मला माहीत नाही."

"प्रवचन लांबलं," ती म्हणाली. "मधून उठता येईना. प्रवचन लांबलं गं."

ती चौगुल्यांच्या बाकावर बसली आणि तेच परत परत म्हणत राहिली. सुनेवर किती ही माया, असं म्हणत डॉक्टरांनी तिला पाणी पाजलं.

जीप करून शालनला मिरजेला नेलं. तिने डोळे उघडायला दोन दिवस गेले, आणि तिसऱ्या दिवशी ती बोलली. पण ती आधीची शालन नव्हती. उजवा हात उचलत नव्हता. मला ओळखलं, सुकुमारला ओळखलं, पण नावं सापडत नव्हती. चमच्याला "ते... खायचं" म्हणाली. शब्द सापडला नाही की माफी मागितल्यासारखी हसायची. मेंदूला फार वेळ साखर मिळाली नव्हती. हात थोडा सुधारेल, बोलण्याचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

रक्ताचा तपास मुंबईहून व्हायचा होता. तो आला तेव्हा सुकुमार औषधं आणायला खाली गेला होता. डॉक्टर इनामदारांनी मला एकटीलाच खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"पद्माताई, शरीर स्वतः इन्सुलिन तयार करतं तेव्हा त्याच्याबरोबर आणखी एक पदार्थ रक्तात येतो. जुळ्या भावंडासारखा. एक आला की दुसरा येतोच." ते हातांकडे बघत होते. "शालनच्या रक्तात इन्सुलिन भरमसाट आहे. आणि तो दुसरा पदार्थ अजिबात नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हे इन्सुलिन तिच्या शरीरात तयार झालेलं नाही. बाहेरून टोचलेलं आहे. गाठ वगैरे काही नाही. कधीच नव्हती."

त्यांनी तपासाचा कागद माझ्याकडे सरकवला.

"असे रुग्ण असतात," ते हळू आवाजात म्हणाले. "मन ठीक नसतं. घरात कुणाचं तरी इन्सुलिन असतं, ते गुपचूप टोचून घेतात. दवाखान्यात ते हाताशी नसतं, म्हणून इथे काही झालं नाही. मी तिच्यावर रागावणार नाही. पण तिला विचारायला हवं, आणि तुम्ही विचारलंत तर ती सांगेल."

"आणि तिने नसेल टोचलं तर?"

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "इन्सुलिन बाहेरून आलं एवढंच रक्त सांगतं. कुणाच्या हाताने आलं ते सांगत नाही."

मी शालनपाशी जाऊन बसले. तिचा चांगला हात हातात घेतला.

"शालन, तू कधी आईचं इन्सुलिन टोचून घेतलंस?"

तिला प्रश्न कळायलाच वेळ लागला. मग तिने नाही म्हणून मान हलवली. चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसतं नवल होतं.

"कसलंच इंजेक्शन घेतलं नाहीस?"

"ते... शक्तीचं." शब्द एकेक करून येत होते. "आई देतात."

"बी-कॉम्प्लेक्ससारखं लाल असतं ते?"

"कधी लाल." तिने डोळे मिटून आठवलं. "कधी... पाणी. पाण्यासारखं."

"त्या शनिवारी?"

"पाणी," शालन म्हणाली. "आई बस्तीत... घाईत होत्या."

खिडकीखाली कुणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. मी तो आवाज ऐकत बसले. ट्रक ठरला तो दिवस. परळीच्या खोलीची किल्ली आली तो आठवडा. सुकुमारने शालनला नुसतं दाखवायला नेतो म्हटलं होतं ती दिवाळी. मला काही आठवावं लागलं नाही, सगळं आपोआप एकापाठोपाठ समोर येत गेलं.

मी एसटीने तासगावला आले. दिवस कलला होता. आई सूर्य मावळायच्या आत जेवून घ्यायला बसली होती. भाकरी, दोडक्याची भाजी. मला बघून म्हणाली, "ताट घे. उजेड आहे तोवर जेव."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"आई, तपास आला. शालनच्या रक्तात इन्सुलिन सापडलंय. बाहेरचं."

तिने घास चावून संपवला. पाणी प्यायली.

"डॉक्टर हुशार आहे," ती म्हणाली.

मी तयारी करून आले होते ती तिच्या नकाराची. रडण्याची, शपथांची. हे ऐकायची माझी तयारी नव्हती.

"तू तिला मारायला निघाली होतीस?"

"मारायला?" तिला खरंच राग आला. "मी सिस्टर आहे. किती दिलं की माणूस पडतो आणि किती दिलं की मरतो, मला कळतं. मरण्याइतकं एकदाही दिलं नाही. प्रत्येक वेळी हाताशी ग्लुकोज घेऊन बसले. उपासाच्या दिवसांत तर हातही लावला नाही. पोटात अन्न नसताना दिलं असतं तर वाचली नसती."

"आता काय वाचली? तिला चमच्याला चमचा म्हणता येत नाही."

आईने ताटाकडे बघितलं. "प्रवचन लांबलं," ती म्हणाली. आवाज पहिल्यांदा बारीक झाला. "नेहमी साडेदहाला सुटतं. मी सगळ्यांत पुढे बसले होते. महाराज बोलत असताना उठायचं कसं?"

"का केलंस, आई?"

"तो गेला असता."

"परळीला. चंद्रावर नाही."

"गेलेला परत येत नाही, पद्मे. आधी दिवाळीला येतो, मग सणालाच येतो, मग पत्र येतं. दवाखान्यात किती म्हाताऱ्या बघितल्या मी. मरताना दाराकडे बघत असायच्या." तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "मला एकटीने मरायचं नव्हतं."

"मी होते की घरात," मी म्हणाले. "मी कुठे जाणार होते?"

"तू होतीस," आई म्हणाली. तिच्या आवाजात काहीच नव्हतं, रागही नाही, प्रेमही नाही. तिने ते असं म्हटलं जसं कुणी घरात कोनाडा आहे म्हणेल. मग तिने ताटात पाणी ओतून हात धुतला, कारण अंधारायला आलं होतं.

सुकुमारला मी दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगितलं. त्याने मला खोटं ठरवलं. "तुझा संसार झाला नाही म्हणून तुला कुणाचा बघवत नाही," असंही म्हणाला. मग तो तासगावला गेला. तिथे दोघांत काय बोलणं झालं ते मला कधी कळलं नाही. परत आला तेव्हा त्याच्या हातात शालनची कपड्यांची पिशवी होती. ती त्याने पलंगाखाली सरकवली आणि म्हणाला, "मी हिला इथूनच घेऊन जाणार." माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

डॉक्टर इनामदारांनी पोलिसांना कळवलं. कळवणं त्यांना भागच होतं. एक हवालदार येऊन शालनचा जबाब घेऊन गेला. शालनने सांगितलं की तिला काही आठवत नाही. तिची अवस्था बघून त्यानेही खोदून विचारलं नाही. सुकुमारने तक्रार द्यायला नकार दिला. प्रकरण तिथेच थांबलं.

डॉक्टरांनी मात्र निबंध लिहिला. आमची संमती हवी होती, म्हणून पाठवण्याआधी त्यांनी मला तो मराठीत समजावून सांगितला. नावं नव्हती, गाव नव्हतं. विवाहित तरुण स्त्री, वारंवार साखर उतरून बेशुद्ध होणे, दीर्घ उपास निर्धोक पार पाडणे. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरपुढे असा रुग्ण आला तर त्याने शस्त्रक्रियेआधी घरातल्या माणसांकडे बघावं, एवढ्यासाठी तो लिहायचा होता. शेवटाकडे एक वाक्य होतं, की रुग्णाच्या नातेवाइकाच्या कृतीमागचं कारण समजू शकलं नाही.

"कारण मी सांगू शकते," मी म्हणाले.

"मला अंदाज आहे," डॉक्टर म्हणाले. "पण वैद्यकाच्या मासिकात ते कुठे लिहायचं, मला कळलं नाही."

आई त्यानंतर नऊ वर्षं जगली. सुकुमार एकदाही आला नाही. मी गावात कुणाला काही सांगितलं नाही. ती शेवटपर्यंत मगदूम सिस्टरच राहिली, आणि मुलगा आईला विसरला म्हणून लोक सुकुमारला बोल लावत राहिले. तिचे डोळे गेले तेव्हा तिचं इन्सुलिन मी भरून टोचायला लागले. ती निमूट दंड पुढे करायची. किती भरलंस, असं तिने मला कधी विचारलं नाही. तिने विचारावं याची मी वाट बघत होते की काय, ते मलाच माहीत नाही.

शेवटच्या आठवड्यात तिची दाराकडे बघायची सवयही सुटली, कारण दार कुठल्या बाजूला आहे तेच तिला उमगत नव्हतं.

ती गेली त्या सकाळी मी परळीला फोन लावला. शालनने उचलला. इतक्या वर्षांत मी तिच्याशी बोलले नव्हते. तिचं बोलणं सुधारलं होतं, पण प्रत्येक शब्दाआधी ती जरा थांबत होती.

"सुकुमार आहे?"

"ड्यूटीवर. काय... झालं, वन्सं?"

मी सांगितलं. पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"त्रास झाला का त्यांना?" शालनने विचारलं.

"नाही. झोपेत गेली."

"बरं झालं." मग पुन्हा थांबली. "इंजेक्शन दिलं की... त्या हात चोळून द्यायच्या. बराच वेळ. दुखू नये म्हणून. मला कधी... कुणी तसं केलं नव्हतं. मामाकडे." तिने श्वास घेतला. "म्हणून मीच मागायचे, वन्सं. आज द्या म्हणायचे."

मी रिसीव्हर तसाच कानाशी धरून उभी राहिले. बाहेर माणसं जमली होती, कुणीतरी विचारत होतं, मुलगा येणार आहे, की त्याच्यासाठी थांबायचं नाही.

"यांना पाठवू का?" शालन म्हणाली. "मी सांगितलं तर... जातील ते."

"नको," मी म्हणाले. "तू त्याला जेवू घाल. संध्याकाळी सांग."

मग मी बाहेर आले आणि लोकांना सांगितलं की कुणी येणार नाही, अग्नी मी देणार आहे.